मधला आकडा

हर्णै बंदरात होड्यांवर नंबर रंगवायचे
अब्बास साखरकर.
एका हातात पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा, कानामागे खडू,
आणि तोंडात कायम कुठलातरी हिशेब.
बर्फाच्या कारखान्याच्या पायरीवर आम्ही पोरं बसलेली,
लिलावात मधेमधे करायचं नाही म्हणून बजावलेली.

"आकडा धर गो एक, तीन घरांचा.
पहिला नि शेवटचा सारखा नको,
बाकी तुझी मर्जी."
मी धरला सातशे बावन्न.
"आता उलटा कर. मोठ्यातून धाकटा काढ.
उरेल तो परत उलटा कर,
नि त्या दोघांची बेरीज घाल."
ओल्या वाळूत मी बोटानं मांडलं,
चारशे पंच्याण्णव, पाचशे चौऱ्याण्णव,
हातचा चुकला, पुसलं, पुन्हा मांडलं.
तेवढ्यात होडीच्या नाळेवरून
पाठमोरेच म्हणाले,
"एक हजार एकोणनव्वद."

आठशे एकतीस. तेच.
हरेश्वरनं, माझ्या थोरल्या भावानं,
नऊशे दोन धरला, कुणाला न सांगता. तेच.
मग मी बाबांच्या होडीचा नंबर धरला,
चारशे त्रेसष्ट,
आणि उरले नव्व्याण्णव.
उलटे केले तरी नव्व्याण्णव. बेरीज एकशे अठ्ठ्याण्णव.
"चुकलात! चाचा चुकलात!"
मी इतक्या जोरात ओरडले
की टोपलीवरचा कावळा उडाला.

त्यांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला,
खाली उतरले,
आणि माझ्या नव्व्याण्णवच्या आधी
वाळूत एक शून्य काढलं.
"तीन घरं होती ना?
घर रिकामं पडलं म्हणून पाडायचं नाय."
शून्य नऊ नऊ. उलटं, नऊशे नव्वद.
पुढची बेरीज मी केलीच नाही,
लाटेनं येऊन अर्धी नेली.

पलीकडे बोली चढत होती,
साडेचारशे, पावणेपाचशे, पाचशे एक वार!
बांगड्याचा भाव रोज निराळा, पापलेटचा त्याहून निराळा,
आणि डिझेल, बर्फ, जाळ्याचा वाटा, खलाशांचा वाटा
वजा करून आई रात्री वही मिटायची:
"आलं ते गेलं."
तिच्या कोड्याचं उत्तरही ठरलेलं होतं,
फक्त त्यावर कुणी टाळ्या वाजवत नसे.

मी मधली.
हरेश्वरचे कपडे उसवून मला, माझे सुगंधाला.
दापोलीच्या पतपेढीत काउंटरवर बसायला लागले
तेव्हा एका मंद दुपारी, पावतीच्या मागे,
कोडं उकलून बघितलं.
मधला आकडा कुठलाही घ्या,
उलटा करताना तो जागचा हलत नाही,
वजाबाकीत स्वतःच स्वतःला खातो.
पण एककाला कमी पडतं, तो देतो.
स्वतःला कमी पडतं, शतकाकडे मागतो.
आणि या देण्याघेण्यात
त्याच्या जागी दर वेळी नऊ.
दर वेळी.
पाच-सहा आकडे करून बघितले,
मग समोरच्या आजोबांनी पासबुक आपटलं.

आता नंबर कापून आणतात,
रत्नागिरीहून, चिकटवायच्या कागदाचे,
लांबलचक, अक्षरांसकट.
ते उलटे करून काही होत नाही.
चाचांचा हात शेवटी शेवटी थरथरायचा,
तरी आठ एका दमात काढायचे, ब्रश न उचलता.

त्याच वर्षी कधीतरी
बाबांची होडी खरवडून पुन्हा रंगवली होती,
आणि वाळला की नाही बघायला
मी सहावर अंगठा ठेवला.
वाळला नव्हता.
मी रडकुंडीला येऊन उभी.
चाचांनी वाकून बघितलं,
चिंधी घेतली, परत खिशात घातली.
"राहू दे," म्हणाले,
"मधला हाय. हिशेबात येत नाय तो."

होडी पुढे जयगडच्या कुणी घेतली.
नंबर बदलला असेल, रंग तर नक्कीच.
बांगड्याच्या दिवसांत कधी फोनवर
सुगंधा विचारते, अंगठा कुठला गो, डावा की उजवा?
मला आठवत नाही.