माइक टेस्ट

तपकीर गल्लीत, वायरींच्या भेंडोळ्यांखाली,
साडेचार बाय सहाचं माझं दुकान.
उभं राहिलं की डोक्याला पंखा लागतो,
म्हणून मी बसूनच असतो.

मंगळवारी दुपारी ती आली.
काच फुटलेली, आत पाणी गेलेलं.
पावतीवर लिहिलं : ऋजुता ढमढेरे, आंबेगाव पठार,
डिस्प्ले, चार्जिंग पिन, अडीच हजार.
"काका, आतलं काही जाणार नाही ना?"
सगळे हेच विचारतात.
आत काय आहे ते कुणी सांगत नाही.

बघायचं नसतं. धंद्याचा नियम आहे.
पण कॅमेरा चालतो का ते पाहायला गेलं
की कोपऱ्यातल्या चौकोनात शेवटचं काहीतरी दिसतंच,
आणि बोट शेवटी माणसाचं.

एकोणीस व्हिडिओ.
एकोणीसच्या एकोणीस रडण्याचे.
पहिल्यात ट्यूबलाइट फडफडते, म्हणून थांबली.
चौथ्यात कुकरची शिट्टी.
सातव्यात आई डोकावून विचारते, पोळ्या किती टाकू?
ती डोळे पुसत म्हणते, दोन,
आणि पुन्हा जिथं सोडलं होतं तिथून.
अकरावा जमलाय.
एकच थेंब, गालाच्या मध्यावर, उजेड धरून.
तोच टाकला असणार.
एकोणिसाव्यात फोन उशीवर पडलेला,
नुसतं छत, पंख्याचं एक पातं,
आणि बाजूला कुणीतरी तोंड दाबून नाक ओढतंय,
सव्वातीन मिनिटं.
त्यात चेहराच नाही.
तो कोण बघणार?

हसू नका. मी पुष्कळ फोन उघडलेत.
कोथरूडचे एक साहेब ससूनबाहेर केळी वाटतात.
बत्तीस फोटो. सव्विसाव्यात म्हातारा
केळं सोलायला लागलाय,
सत्ताविसाव्यात ते त्याच्या हातातून परत घेतलंय,
सोललेलं बरं दिसत नाही म्हणून.
एक वहिनी लग्नाच्या वाढदिवसाला
नवऱ्याच्या खात्यावरून स्वतःलाच पत्र लिहितात,
लांबलचक, शेवटी 'फक्त तुझाच'.
त्याखालचा पहिला बदामही त्यांचाच.
(नवरा रिचार्जला माझ्याकडेच येतो. फारसं बोलत नाही.)
तिकडे घसा फोडून सांगणारी ही माणसं
माझ्या काउंटरला उभी राहिली
की उरलेले वीस रुपयेसुद्धा हळूच मागतात.

आता माझं सांगतो.
काच बसली, स्पीकर लागला,
की माइक तपासावा लागतो.
रेकॉर्डर चालू करायचा आणि बोलायचं :
हॅलो, हॅलो, एक दोन तीन, येतोय का आवाज?
एकदा ऐकायचं, पुसून टाकायचं.
मी पुसत नाही.
चौदा वर्षं झाली.
हडपसर, धायरी, विमाननगर,
एक फोन तर जर्मनीला गेला,
सगळ्यांत मी आहे, सहा-सहा सेकंद.
हल्ली जरा वाढवतो.
आज ढग आलेत, म्हणतो. जेवण व्हायचंय, म्हणतो.
एकदा नाव सांगून टाकलं, दिगंबर.
नंतर दिवसभर कानकोंडा होऊन बसलो.
आजवर कुणी परत येऊन म्हणालं नाही
की काका, त्यात तुमचा आवाज राहिलाय.

संध्याकाळी ऋजुता आली.
पैसे काढायच्या आधी पुढचा कॅमेरा उघडला.
हनुवटी खाली, मान तिरकी,
चेहरा निमूट जागेवर आला,
शाळेची घंटा झाल्यावर पोरं येतात तसा.
उजेडासाठी ती गल्लीकडे वळली,
"क्लिअर आहे," म्हणाली,
आणि तिच्या खांद्यामागे, नव्या काचेत,
मीही दिसलो,
धूसर, तिच्या कानातल्याएवढा.

माझा हात
आपोआप केसांवर गेला.