दोन्ही बाजू ऐकल्यावर

सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात
एकतीस वर्षं मी लघुलिपीत उतरवून घेतलं
दुसऱ्यांनी काय ठरवलं ते.
वादीचं म्हणणं, प्रतिवादीचं म्हणणं,
मग 'सबब' म्हणून साहेब थांबायचे,
खिडकीतल्या कडुनिंबाकडे बघायचे,
आणि माझी पेन्सिल हवेत.
माझा वेग मिनिटाला शंभर शब्द होता.
त्याला कुणी वेग म्हणायचं नाही.

निवृत्तीचे पैसे आले तेव्हा दिगांबर म्हणाला, एफडी.
भाचा म्हणाला, मावशी, एसयूव्ही घे, उंच बसशील.
मला उंच बसायचं नव्हतं.
मला जमिनीच्या जवळून जायचं होतं, जोरात.
अठ्ठावन्नाव्या वर्षी हे सांगायचं कुणाला?

म्हणून एप्रिल, सकाळचे अकरा, वर्धा रोड.
लाल गाडी. शेजारी लोकेश निनावे,
टायच्या गाठीशी घामाचा ओला काठ.
"मॅडम, गेर टाकाची भानगडच नाही.
नुसता पाय ठेवा. पाहा, कशी पळून राहिली!"
पळत होती, खरंच.
डबल-डेकर पुलाचे खांब
खोडरबरानं पुसावेत तसे
एकेक करून मागं नाहीसे होत होते.
हिच्या पोटात दोन क्लच,
एक गिअर सुटायच्या आत दुसरा हजर,
माझ्या मनात वाक्य पुरं व्हायच्या आधी
हिचं उत्तर टाइप झालेलं.
चिंचभवनला वळवून परत आणताना वाटलं,
मी काय सुरेख चालवते!
अजनीपर्यंत येता येता कळलं,
चालते ती. मी फक्त होते.

दुसरी राखाडी, अमरावती रोडला.
तिथली उईके नावाची मुलगी मोजकं बोलायची.
"कुठं न्यायची तिथं न्या."
पट्टा लावला आणि गप्प.
कागदावर ही मागंच होती,
शंभर गाठायला दीड सेकंद जास्त,
क्लच जड, गिअर हातानं टाकायचे,
आत प्लॅस्टिकचा नवा, आंबूस वास.
रविनगर चौकात बंद पडली.
मागच्या ऑटोवाल्यानं
माझ्या कुळाबद्दल साक्ष नोंदवली.
मी चावी फिरवली. उईके समोर बघत राहिली.

सेमिनरी हिल्सच्या चढावर, टीव्ही टॉवरच्या अलीकडे,
तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं होतं.
आले, पण उशिरा.
गाडी हिसका देऊन गुरगुरली,
मग टर्बोला त्याचा श्वास सापडला
आणि पाठीत कुणीतरी हात ठेवला,
ढकलायला नाही, चल म्हणायला.
पुढच्या वळणाला मी जरा आधीच घाई केली.
त्याच्या पुढच्या वळणाला
उईके हळूच म्हणाली, "आत्ता."
आणि हात आपोआप गेलाच होता.

दिगांबरचा फोन: ॲव्हरेज काय देते?
म्हटलं, विचारायचं राहिलं.

परतताना माझी जुनी ॲक्टिव्हा,
तोंडाला पांढरा स्कार्फ, डांबर मऊ पडलेलं.
लॉ कॉलेज चौक, लाल दिवा, ब्याऐंशी सेकंद.
डोक्यात दोघींचे वकील अजून उभे:
लालची किंमत, लालचा थंडगार एसी,
राखाडीची इवलीशी डिकी,
माझा डावा गुडघा, जो जिने चढताना बोलतो.
प्रत्येक मुद्द्याला प्रतिमुद्दा होता,
आणि लिहून घेणारी मीच.

दिवा हिरवा झाला.
माझ्या डाव्या पायानं
ॲक्टिव्हाच्या सपाट पत्र्यावर
काहीतरी दाबलं, घट्ट, तळापर्यंत,
जे तिथं नव्हतंच.

मागं सगळे हॉर्न वाजवून राहिले होते.

सबब,
मी पुढच्या चौकातून
स्कूटर परत फिरवली.