कसर

तहसीलच्या मागच्या अंगाला, जिथं पूर्वी कोंडवाडा होता,
तिथं आता गावोगावचे बाप ठेवलेत.
लाल कापडात, गाठीवर गाठ.
किल्ली माझ्याकडं असते.
सही करा. चपला बाहेर.
थुंकी लावून पानं उलटायची नाहीत.

मुनीरोद्दीन मास्तर वाचतात, मी लिहिते.
त्यांना पानाला दोन रुपये मिळतात, तेही चार महिन्यांनी.
भिंग धरून असे वाकतात
जसं कुणी मुगातले खडे निवडावेत.
"फसली तेराशे त्रेचाळीस. माहे आबान.
मौजे खरबवाडी. फौत एक. ताऊन."
मी लिहिते: मयत एक. प्लेग.
एका माणसाला मराठीत आणायला एवढंच लागतं.

खरी अडचण टिंबांची.
टिंबं खाली असली तर बापू,
वर असली तर तातू.
रेघ तीच, वळण तेच.
आणि कसरीला नेमकं टिंबच गोड लागतं.
नव्वद वर्षांच्या अंधारात तिनं
किती जणांचे बाप बदलले असतील
ते मास्तरांना ठाऊक.
ते सांगत नाहीत. चहा घेतात.

लोक येतात. आजा, पणजा, खापरपणजा.
सापडला तर पेढे आणतात.
नाही सापडला तर माझ्याकडं असं बघतात
जसा मीच तो कपाटामागं दडवलाय.

बुधवारी व्यंकटी दापकेकर आला,
युरियाच्या पिशवीत कागद घेऊन.
"एवढं एक बगा, मास्तर.
आमचा मूळ पुरुष कोण हाय, निगू द्या."

दोन तास.
बाहेर पेन्शनची रांग लागली, मोडली.
मग मास्तर थांबले. भिंग सदऱ्याला पुसलं. परत वाकले.
"मुसम्मात भिवरी. बेवा..."
आणि पुढं भोक.
ज्वारीच्या दाण्याएवढं, गोल, कडा साफ.
त्यातून खालचं पान दिसत होतं,
कुणाच्या तरी विहिरीचा आकार.

"बेवा कुणाची?"
"खा गई," मास्तर म्हणाले.
"मंग पुरुष?"
"पुरुष नाही. बाई आहे.
अठरा एकर बाईच्या नावावर.
अकरा वर्षं सलग धारा भरलाय तिनं.
एकदा उशीर झाला.
दंड दोन आणे, हाली. तोही भरलाय."

माझ्यासमोरचा रकाना छापील होता:
मूळ पुरुषाचे नाव.
पेन टेकवून बसले
तर शाईचा ठिपका तेवढा पडला.
वर की खाली, कोण जाणे.

माहेरच्या रेशनकार्डावर माझ्या नावापुढं शिक्का आहे,
नाव कमी केले.
सासरच्या कार्डावर चढलं ते दुसरंच नाव,
तांदळात अंगठीनं लिहिलेलं.
शंभर वर्षांनी कुणी मला शोधायला आलं
तर कुठल्या गठ्ठ्यात हात घालेल?
हे मी मास्तरांना विचारलं नाही.
पाच वाजत आले होते.

व्यंकटीनं पिशवीची घडी घातली.
"पुरुष घावला की फोन करा, ताई."
नंबर दिला, दोनदा म्हणून दाखवला.
मी गठ्ठा बांधू लागले.
पहिली गाठ, दुसरी.

दारात पायात चप्पल घालता घालता तो वळला.
"मास्तर, दंड किती म्हणलाव?"
"दोन आणे."
"हाली?"
"हाली."

"आन् भरली."
"भरली."

तो हसला,
घरातल्याच कुणाची खोड आठवावी तसा.
"आमच्यात समदेच उशीर करत्यात," म्हणाला,
आणि गेला.