पिवळा ठिपका

कणकुंबीच्या अलीकडं एका खड्ड्यानं
पुढचं डावं चाक खाल्लं.
रिमच्या कडेला केसाएवढी चीर,
आणि गाडी, दोन सीटांची, लाल,
सांबऱ्याहून बदली झालेल्या विंग कमांडरनं
जाता जाता मला विकलेली,
तीन दिवस जॅकवर, एक पाय वर घेतलेल्या बगळ्यासारखी.

कॅम्पापासून पिरनवाडीपर्यंत पाच दुकानं झाली.
पाचव्यात चन्नवीर हंचिनमनी म्हणाला,
"काका, सतरा इंच घालून सोडा की."
सतरा! भिंतीवर टांगलेली, काळी, लखलखती,
पाच पाकळ्यांची, दहा काड्यांची,
एक तर चक्क जाळीचं, शेवेच्या सोऱ्यागत.
पुण्याहून लेक फोनवर: "बाबा, काळीच घ्या."

मी पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला.
चाक मोठं तर टायर बारीक हवा,
बाहेरचा घेर होता तेवढाच राहायला हवा,
नाहीतर काटा खोटं बोलतो.
तो साठ म्हणेल, आपण असू चौसष्टावर,
आणि मैलाचे दगड,
ज्यांच्यावरची अक्षरं माझ्यादेखत दोनदा रंगवली गेली,
जागचे हललेले नसतील.
शिवाय टायर बारीक म्हणजे रबर कमी,
रबर कमी म्हणजे जांबोटीचा रस्ता
थेट माझ्या मणक्यात.
"हौद्री काका, पण दिसतंय कसं बघा की!"
दिसतंय खरं.

एकतीस वर्षं उद्यमबागेत
मी ओतीव माल तपासला.
कानाचाच पगार खाल्ला म्हणा.
पितळी हातोडीची एक टिचकी:
सलग धातू लांबवर बोलतो,
पोटात हवा धरलेला भद्द करून गप्प बसतो.
दिवसाला चारशे नग. पास झालेल्यावर
बोटानं पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका.
सही नाही, नाव नाही,
भाषा तर नाहीच.

दुकानात हातोडी काढली तसा चन्नवीर बिचकला.
पहिलं काळं: भद्द.
दुसरं वाजलं, पण घाईनं,
पाय न टेकता निघालेल्या पाहुण्यागत.
"ब्याड री," मीच म्हणालो.

शेवटी निपाणीत, तंबाखूच्या वखारीमागं,
दस्तगीर मुजावरच्या भंगारात
चौदा इंची चार मिळाली.
मळकी, कडा खरचटलेली, पण चार बोल्टांचं माप तंतोतंत.
तो चहा सांगायला गेला,
मी एक पालथं करून टिचकी दिली.
हातोडी खाली ठेवली
तरी ते वाजतच होतं.
आतल्या अंगाला, ब्रेकच्या काळ्या भुकटीखाली,
पिवळा ठिपका.

माझा नव्हे. आमच्याकडं चाकं कधी ओतलीच नाहीत.
कुठल्या गावचं, कुठल्या पाळीचं बोट
कोण जाणे; रंगात रेषाही उमटलेल्या.
त्यावर माझं बोट ठेवून पाहिलं.
माझं जाड. बाई असेल का?
चीर शोधताना तीही मान अशीच
डावीकडं कलवत असेल का?
चहा आला, आणि मी
घासाघीस करायची विसरलो.

टायर मात्र नवे, चन्नवीरकडचेच.
कडेवरचे चार आकडे वाचून घेतले, आठवडा आणि वर्ष,
दुधाच्या पिशवीवरची तारीख बघावी तसे.
"शंभर किलोमीटर सावकाश काका,
रबराचे केस झडू देत."

मग खानापूरच्या रस्त्यावर चाळीसनं,
लाल स्पोर्ट्स कार,
आणि उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर
मला मागं टाकून गेला.
ड्रायव्हर मान वळवून पोटभर हसला.
हस बाबा. काटा खरं बोलतोय.

नंदगडच्या फाट्यावर उतरून वाकून बघितलं.
मधले केस झडले होते,
कडेचे अजून होते.