खालची भेग

कायानीच्या उत्तरेला, रात्री अकरालाही ऊन.
इर्मेली रस्त्यावर गुडघे टेकून
भेगेत नाणं उभं धरते, रुंदी बघते.
"वर पाच सेंटीमीटर डांबर, की झालं,"
रोलरवरून ओयवा म्हणतो.
ती मान वर करत नाही.
"तीन हिवाळे. मग हीच रेघ,
ह्याच वळणानं, नव्या डांबरावर.
भेग वरून पडत नाही रे,
खालून वाट काढत येते."

हवेच्या नळीनं ती भेग झाडून घेते:
वाळू, पाइनचं सुईसारखं पान, बाटलीचं झाकण,
कुणाच्या तरी बापाच्या वेळची खडी.
मग गरम रबरी डांबर, काठोकाठ.
त्यावर काचेच्या धाग्यांची जाळी;
सुरकुती पडली की उचलायची, पुन्हा ताणायची.
ओयवा घड्याळ बघतो.

पहाटे रस्ता काळा, वाफाळता.
ओंडक्यांचा पहिला ट्रक जातो,
त्याला काहीच जाणवत नाही.

इर्मेली वहीत किलोमीटरचा आकडा टिपते.
तिसऱ्या हिवाळ्यात, उणे तीसला,
रस्ता अंग आखडून घेईल तेव्हा
ती इथे गाडी थांबवेल,
बुटानं बर्फ सारेल, हातमोजा काढेल
आणि काहीच नसलेल्या जागेवरून
बोट फिरवेल.