नजरेची हमी

बाविसाव्या मजल्यावर गिऱ्हाईक नेलं
की मी आधी पडदा सरकवतो, मग तोंड उघडतो.
खाली बघा, करंजवाडी. जुनं माझगाव.
कौलं, लाकडी गॅलऱ्या, मधोमध क्रूस,
त्याला झेंडूची माळ.
वारसा यादीत आहे, इथे काही उभं राहणार नाही,
म्हणजे गोदीपर्यंतचं पाणी तुमचंच.

या एका वाक्याचे
चौरस फुटामागे साडेचार हजार जास्त.

राहतं कोण तिथे? विचारतातच.
जुनी माणसं. शांत आहेत.

डावीकडून तिसरं घर, निळ्या ताडपत्रीचं,
त्याच्या मागच्या दोन खोल्या आमच्या होत्या
हे सांगत नाही.
भाडं एकसष्ट रुपये.
हेझलबाई डिसा शाईच्या पेनाने पावती लिहायच्या
आणि बाबा ती पत्र्याच्या डब्यात ठेवायचे,
सातबारा असल्यासारखी.

जिना कुजला.
लाकूड सागाचंच हवं, नक्षी तीच हवी,
नकाशे तीन प्रतींत, बैठक पुढच्या महिन्यात.
एकसष्ट रुपयांत सागाचा कठडा येत नाही
हे बाईंना कळत होतं, आम्हालाही.
भांडण असं झालंच नाही.
आई तिसऱ्या पायरीवरून घसरली, एवढंच.
पागडीतला तिसरा हिस्सा बाईंना दिला,
उरलेल्यात बदलापूर बसलं.
तिथे आमच्या खिडकीतून
समोरच्यांची खिडकी दिसते.

परवा कर्णिक मॅडम म्हणाल्या, सगळं छान,
फक्त ते निळं डोळ्यांत खुपतं.
काढायला सांगता येईल?
विचारतो म्हटलं.
दोन टक्क्यांसाठी माणूस काय काय विचारतो.

बारा वर्षांनी वाडीत शिरलो.
जिन्याला दोरी बांधलेली, खालचाच दरवाजा उघडा.
काय रं मुरारी, बाई म्हणाल्या,
जणू मी मीठ आणायला गेलो होतो.
वरून कसं दिसतं आमचं घर?

मी दिसतं तसं सांगितलं.
मग, का कोण जाणे, भावही सांगितला.

बाई बराच वेळ छताकडे बघत बसल्या,
ताडपत्रीतून आलेला उजेड
त्यांच्या पांढऱ्या केसांवर निळा पडला होता.
मग उठल्या, कपाटातून पावतीपुस्तक काढलं,
पेन झटकलं.
आमच्याकडे बघायचं भाडं, म्हणाल्या,
कुणाच्या नावाने फाडू?

मी म्हटलं, थांबा,
सौदा अजून व्हायचाय.