हालचाल नाही

बीकर हळूच कलता करायचा,
मग पंधरा सेकंदं मोजायची.
तेवढ्यात पाणपिसू हलली नाही तर तक्त्यात लिहायचं:
हालचाल नाही.
मेली असं लिहायचं नसतं. तसा रकानाच नाही.

कलिन्यातली प्रयोगशाळा, दुसरा मजला.
विमानं पोट दाखवत उतरतात,
काच थरथरते, काचेतलं पाणी थरथरतं,
तेव्हा मोजायचं नाही, थांबायचं.
पेरिन मॅडमचा नियम.

पाणपिसू पाहिलीय कधी?
तिळाएवढी, आरपार.
भिंगाखाली धरली तर एकच काळा डोळा,
काळीज एवढं भरभर की पेन मागे पडतं,
आणि पाठीच्या पिशवीत अंडी,
सात, कधी नऊ.
बाईला काही लपवता येत नाही.

बाटलीतली चांदी हळकुंड धुतल्या पाण्याएवढी पिवळी.
बीकरमध्ये थेंब पडला की तीही दिसत नाही.
एवढे बारीक कण की त्यांना चकाकताच येत नाही.
मोज्यांत असतात म्हणे, पायाला वास येऊ नये म्हणून.
बादलीत असतात, शर्टाच्या काखेत असतात.
धुण्याचं पाणी कुठं जातं, इथं कोण विचारतो?
जातं. खाडी आहे.

पहिल्या दिवशी त्या नुसत्या गोल गोल फिरल्या.
दुसऱ्या दिवशी तळाशी.

आईला सांगितलं.
आई झारेकरीण, झवेरी बाजारची.
दुकानांची कुलपं निघायच्या आत धनजी स्ट्रीटच्या गटारातला गाळ
खरवडून घमेल्यात घ्यायची
आणि मनगटाला एक गिरकी द्यायची,
मला अजून जमलेली नाही.
हलकं ते वाहतं, जड ते बसतं, म्हणायची.
बसलेल्यावर आम्ही तिघं जेवलो.
तेजाबात चांदी काढून काढून
तिची बोटं काळी पडली ती पडलीच;
लग्नाकार्यात पदराखाली धरते.

चांदीनं कोण मरतंय? आई म्हणाली.
तुझ्या पायातले वाळे गटारातनंच आले.
चांदीच्या वाटीत पाणी ठेव,
आठ दिवस नासत नाही.

नासत नाही, म्हणजे
त्यात कुणी जगत नाही, आई.

ती भाकरी थापत होती.
थापायची थांबली नाही,
फक्त हात जरा हलका पडला.
केवढ्या म्हणालीस त्या?
तिळाएवढ्या.
आणि मोजतेस कशा?
तुझ्यासारख्याच. तळाशी बसलेल्या बघून.

आज चौथा बीकर.
वीसपैकी अकरा खाली.
निम्म्या मरतील ती मात्रा शोधायची आहे;
सापडली की मॅडमचा निबंध पुरा होईल,
माझी नोकरी वर्षभर पुढं जाईल.
कुणाची चांदी होते, हे असं असतं.

बारावी खाली उतरत होती, पिशवीत अंडी घेऊन.
कलता केला.
एक, दोन... बारा, तेरा.
विमान नव्हतं. पंखाही बंद होता.
पंधरा.

पेन टेकवलं, बारा लिहिलं,
आणि सोळाव्या सेकंदाला
तिनं एक मिशी हलवली.

नियम पंधराचा आहे.
मॅडम चहाला गेल्या होत्या.
खोडरबर ड्रॉवरमध्ये होतं,
पण तक्त्यावर खोडायचं नसतं,
रेघ मारून बाजूला सही करायची असते.

उजव्या तर्जनीला डाग पडलाय,
परवाच्या द्रावणाचा, आधी तपकिरी, आता काळा.
साबणानं जात नाही.
ते बोट पेनाला लावून मी किती वेळ बसले
ते मोजलं नाही.

मग बाराखाली रेघ मारली.
सही केली,
आईच्या आडनावाची.